हाड जुळलं, असं कोण म्हणतं?

आपल्याकडे गुडघ्याचा फोटो मुख्यतः दोनदा काढतात. एकदा ऑपरेशन करायला हवं हे पटवण्यासाठी आणि एकदा ऑपरेशन झालं हे दाखवण्यासाठी. तिसरा फोटो हाडाचं पुढे काय झालं हे मोजण्यासाठी काढायला हवा. तो काढला जात नाही असं नाही. काढला जातो, खिडकीच्या उजेडात धरून पाच सेकंद पाहिला जातो, 'छान आहे, हाड जुळतंय' असं सांगितलं जातं आणि फिल्म पिशवीत परत जाते. मोजलं मात्र काहीच जात नाही. माझी तक्रार या पाच सेकंदांबद्दल आहे.

फोटो म्हणजे एक्स-रे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. घरोघरी कपाटावर किंवा गादीखाली त्या निळसर फिल्म्सची थप्पी असते आणि ग्रहणाच्या दिवशी मुलं त्यातून (डॉक्टर नको म्हणत असतानाही) सूर्य बघतात. एवढे फोटो काढणाऱ्या समाजाला त्या फोटोंतून काय मोजता येतं आणि काय येत नाही याबद्दल कुतूहल असायला हवं होतं. ते नाही, आणि ते नसण्यात बऱ्याच जणांची सोय आहे.

आधी ऑपरेशनपूर्वीचा थाट पाहू. साठीच्या बाई जिना उतरताना गुडघा दुखतो म्हणून जातात. उभं राहून काढलेला साधा एक्स-रे पुरला असता, तरी एमआरआय होतो. त्याचा अहवाल दोन पानी असतो. मेनिस्कस फाटलेला आहे, कूर्चा झिजलेली आहे, हाडात सूज आहे, सांध्यात पाणी आहे, मागे गाठ आहे. प्रत्येक गोष्टीला ग्रेड आहे, मिलिमीटर आहेत. बाई तो कागद वाचून घाबरतात, मुलगा अमेरिकेतून फोन करून 'आता थांबू नका' म्हणतो. पुढे रोबोटच्या मदतीने सांधा बदलायचा ठरलं, तर काही यंत्रांना आणखी एक सीटी स्कॅन लागतो. त्यावरून संगणकात बाईंच्या गुडघ्याची त्रिमितीय प्रतिकृती बनते आणि हाड कुठे किती कापायचं ते मिलिमीटरच्या अंशांत ठरतं.

मग ऑपरेशन होतं. त्यानंतरच्या एक्स-रेचा अहवाल, तो मिळालाच तर, असा असतो : 'पोस्ट-ऑप स्टेटस. इम्प्लांट इन सिटू.' म्हणजे ऑपरेशन झालेलं आहे आणि धातू जागेवर आहे. या दोन्ही गोष्टी बाईंना अहवालाशिवायही ठाऊक होत्या.

ऑपरेशनआधी दोन पानं आणि नंतर दोन वाक्यं. हे असं का व्हावं? आधीच्या प्रतिमेतून निर्णय विकला जातो. नंतरच्या प्रतिमेतून काहीच विकता येत नाही. झालाच तर विकलेल्या मालाचा हिशेब निघतो. हिशेबाचं यंत्र कुणी हौसेने विकत घेत नाही.

*

हाड जुळणं हा प्रश्न ज्या ऑपरेशनमध्ये अगदी उघडा पडतो, ते आपण घेऊ. त्याचं नाव हाय टिबिअल ऑस्टिऑटॉमी. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात तेव्हा शरीराचा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर पडतो आणि तीच बाजू झिजते. रुग्ण चाळिशी-पन्नाशीचा असेल, कष्टाचं काम करणारा असेल, तर एवढ्यात सांधा बदलायचा नसतो. मग नडगीचं हाड गुडघ्याच्या जरा खाली, आतल्या बाजूने कापतात. पलीकडची कड मात्र सुमारे सेंटिमीटरभर तशीच राखतात. ती बिजागरी. तिच्यावर हाड हळूहळू उघडतात, पाचरीच्या आकाराची फट तयार होते, पाय सरळ होतो आणि भार बाहेरच्या निरोगी बाजूकडे सरकतो. फट उघडी राहावी म्हणून प्लेट आणि स्क्रू लावतात. नडगीच्या वरच्या भागातल्या या शस्त्रक्रियेला मान्यता मिळवून देण्यात मेयो क्लिनिकच्या मार्क कॉव्हेंट्री यांच्या १९६५च्या लेखाचा मोठा वाटा आहे. (त्यांची पद्धत बाहेरच्या बाजूने पाचर काढून टाकण्याची होती. फट उघडण्याची पद्धत चांगल्या प्लेट आल्यावर पसरली.)

म्हणजे डॉक्टरांनी हाड मुद्दाम मोडलेलं आहे आणि आता शरीराने ती फट नव्या हाडाने भरायची आहे. ती बिजागरीकडून आतल्या बाजूकडे सावकाश भरत येते. इथे रुग्णाचा प्रश्न एकच असतो : पाय पूर्ण टेकवू कधी? रिक्षाचालकाला तो विचारायचा असतो, शेतकऱ्याला, पोलीस शिपायाला, दिवसभर उभ्या राहणाऱ्या दुकानातल्या मुलीला. प्रत्येक आठवड्याला एका आठवड्याची मजुरी जोडलेली आहे. लवकर भार टाकला आणि आधार पुरेसा नसेल, तर केलेली दुरुस्ती ढासळते, स्क्रू तुटतो, बिजागरीला तडा जातो. उगाच उशीर केला तर मांडी वाळते, सांधा आखडतो आणि घरातलं कर्ज वाढतं.

या प्रश्नाला आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'सहा आठवडे'. कुणी आठ म्हणतं, कुणी बारा. हे उत्तर कॅलेंडरमधून येतं, त्या माणसाच्या हाडातून येत नाही. मधुमेह असलेल्याचं हाड आणि नसलेल्याचं हाड एका वेगाने जुळत नाही. धूम्रपानाने हाड जुळायला उशीर होतो हे पुरेसं सिद्ध झालेलं आहे. आणि आपल्याकडे तंबाखू म्हटलं की सिगारेटबद्दल विचारतात. मिश्री लावणाऱ्या बाईला 'तुम्ही तंबाखू घेता का' असं विचारलं तर ती प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणं असतं. अशा सगळ्यांना एकच तारीख द्यायची आणि त्या तारखेला एक फोटो काढून तारखेवर शिक्का मारायचा, हा आपला रिवाज.

*

तो शिक्का किती भरवशाचा? व्हिल्हेल्म राँटगेन यांना १८९५च्या नोव्हेंबरमध्ये हे किरण सापडले आणि डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला. त्यानंतर तंत्र कितीतरी सुधारलं, पण एक गोष्ट बदललेली नाही : साधा एक्स-रे ही सावली आहे. त्रिमितीय हाडाची सपाट सावली. भिंतीवर हाताची सावली पाडून ससा दाखवता येतो, तसंच सावलीतून जुळलेलं हाडही दाखवता येतं.

ऑस्टिऑटॉमीच्या फटीचंच बघा. किरण फटीच्या पातळीला समांतर गेले तर फट काळी, स्वच्छ दिसते. पाय जरा वळला, गुडघा थोडा वाकला, नळी थोडी कलली, की फटीची पुढची कड आणि मागची कड एकमेकींवर पडतात आणि फट भरल्यासारखी दिसते. हाडात तसूभरही फरक पडलेला नसताना रुग्ण 'बरा' होतो. त्यात बाजूच्या फोटोत प्लेट आडवी येते. आणि फटीत कृत्रिम हाडाची पाचर, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटचा ठोकळा बसवला असेल, तर तो पहिल्या दिवसापासूनच पांढरा दिसतो. तो पांढरेपणा रुग्णाच्या शरीराने केलेला नसतो, कारखान्यात झालेला असतो. त्याला 'फट भरली' म्हणणं म्हणजे खड्ड्यावर पत्रा टाकून रस्ता झाला म्हणण्यासारखं आहे.

मुळात साधा एक्स-रे हाडातल्या खनिजाच्या बाबतीत मठ्ठ आहे. हाडातलं जवळजवळ एक तृतीयांश खनिज गेल्याशिवाय त्यात फरक सहज दिसत नाही, असं वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पहिल्यापासून शिकवतात. तेच विद्यार्थी डॉक्टर झाल्यावर त्याच फिल्मकडे पाच सेकंद बघून हाडाच्या बळकटीबद्दल ग्वाही देतात.

यावर कुणी म्हणेल, अनुभवी डोळ्याला कळतं. काही प्रमाणात कळतं, मी नाकारत नाही. पण 'जुळलं' म्हणजे काय यावरच अनुभवी डोळ्यांचं एकमत नाही. २००२ साली मोहित भांडारी आणि सहकाऱ्यांनी शेकडो अस्थिशल्यचिकित्सकांना विचारून जो निष्कर्ष काढला, तो त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच आहे : हाड जुळल्याची पारख कशी करायची यावर मतैक्य नाही. कुणी हाडाच्या किती कडा सांधल्या ते बघतं, कुणी नव्या हाडाचा आकार, कुणी भार टाकल्यावर दुखतं का ते. 'जुळलं नाही' याची अमेरिकी औषध प्रशासनाची प्रसिद्ध व्याख्याही शेवटी कॅलेंडरचाच आधार घेते : नऊ महिने झाले आणि शेवटच्या तीन महिन्यांत प्रगती दिसली नाही. नऊ महिने थांबणं सरकारी व्याख्येला परवडतं, रिक्षाचालकाला परवडत नाही.

मतैक्य नसलं तरी शिस्त आणता येते, आणि ती आणलीही गेली आहे. नडगीच्या मोडलेल्या हाडासाठी २०१० साली एक साधी गुणपद्धती मांडली गेली. दोन फोटोंत मिळून हाडाच्या चार कडा दिसतात. प्रत्येक कडेला एक ते तीन गुण : नवं हाड दिसत नाही, दिसतं पण रेघ शिल्लक आहे, सांधलं आणि रेघ पुसली. एकूण गुण चार ते बारा. यासाठी नवीन यंत्र नको, नवीन परवाना नको, एक पैसा नको. फक्त दर वेळी नीट बघून आकडा लिहायचा. सहाव्या आठवड्याला पाच, दहाव्याला आठ असं लिहिलेलं असेल, तर हाड पुढे चाललंय हे कुणालाही कळेल, दुसऱ्या गावच्या डॉक्टरलाही कळेल. ऑस्टिऑटॉमीसाठीही असंच, फटीचे भाग पाडून ती किती भरली हे नोंदवण्याच्या पद्धती आहेत. आपल्या किती रुग्णांच्या कागदांवर असा आकडा दिसतो? वाचकांनी आपापल्या घरातल्या फायली उघडून बघाव्यात.

*

आता या सगळ्याविरुद्धचा सर्वांत वजनदार युक्तिवाद. चांगले सर्जन तो मनापासून करतात : 'आम्ही रुग्णावर उपचार करतो, फोटोवर नाही.' रुग्ण चालतो आहे, दुखत नाही, पाय सरळ आहे. मग फटीत चार मिलिमीटर काळं दिसलं तर दिसू दे. उगाच स्कॅन करून भीती कशाला घालायची?

तत्त्व उत्तम आहे. मला ते पूर्ण मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच की ते ऑपरेशनच्या आधीही पाळा.

फ्रेमिंगहॅम या अमेरिकी गावातल्या पन्नास ते नव्वद वयाच्या ९९१ माणसांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढून २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ही माणसं दुखतंय म्हणून आलेली नव्हती, गावातून सरसकट निवडलेली होती. ज्यांचा मेनिस्कस फाटलेला निघाला, त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीही त्रास झालेला नव्हता. म्हणजे उतारवयात फाटलेला मेनिस्कस हा बऱ्याचदा पांढऱ्या केसासारखा असतो. त्याआधी २००२ साली ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर झालेल्या प्रयोगात झिजलेला गुडघा दुर्बिणीने साफ करणं आणि नुसतेच छेद देऊन ऑपरेशनचं नाटक करणं, यांत रुग्णांच्या दुखण्याच्या दृष्टीने फरक आढळला नाही. २०१३ साली फिनलंडमध्ये, झीज नसलेल्या पण मेनिस्कस फाटलेल्या १४६ रुग्णांवर तसाच प्रयोग झाला. निष्कर्ष तोच.

इतकं सगळं छापून आल्यावरही एमआरआयच्या कागदावर बोट ठेवून 'इथे फाटलंय बघा' असं सांगणं थांबलेलं नाही. तिथे उपचार फोटोवरच होतो. 'रुग्णावर उपचार करतो, फोटोवर नाही' हे वाक्य आपल्याकडे ऑपरेशन थिएटरच्या एकाच दारावर लिहिलेलं आहे, बाहेर पडायच्या दारावर.

शिवाय न दुखणं हा पुरावा नेहमीच पुरेसा नसतो. बदललेल्या गुडघ्याच्या बाबतीत तर नाहीच. तिथे प्रश्न फट भरण्याचा नसतो, धातू आणि हाड यांनी एकमेकांना धरलं का याचा असतो. नडगीवर बसवलेली धातूची थाळी हाडात रुतत, कलत जाऊ शकते, आणि ते इतक्या सूक्ष्म अंतराने होतं की रुग्णाला वर्षानुवर्षं कळत नाही. कळतं तेव्हा खालचं हाड खाल्लं गेलेलं असतं आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड झालेलं असतं. साध्या एक्स-रेत थाळीखाली एक बारीक काळी रेघ दिसू शकते. पण किरण थाळीच्या कडेला अगदी समांतर गेले तरच. दोन-चार अंशांनी चुकले की रेघ गायब.

*

ही सूक्ष्म हालचाल मोजता येते. आजकाल नाही, पन्नास वर्षांपूर्वीपासून. स्वीडनमधल्या लुंड इथे ग्योरान सेल्विक यांनी १९७४च्या आपल्या प्रबंधात ती रीत मांडली. ऑपरेशनच्या वेळी हाडात टॅन्टलम धातूचे मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान मणी टोचून ठेवायचे. मग दोन कोनांतून एकाच क्षणी दोन एक्स-रे घ्यायचे. दोन डोळ्यांनी आपल्याला खोली कळते तसं दोन सावल्यांवरून प्रत्येक मण्याची अवकाशातली जागा गणिताने काढायची. सहा महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनी पुन्हा. मण्यांच्या तुलनेत सांधा किती सरकला ते मिलिमीटरच्या दशांशांत कळतं. आता मण्यांशिवाय, कमी किरणांच्या सीटीवरूनही हे करता येऊ लागलं आहे.

याचा उपयोग काय झाला? १९९५ साली लाइफ रीड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जे सांधे पुढे सैल होतात ते पहिल्या दोन वर्षांतच आपली चाल दाखवतात. जवळपास सगळे सांधे सुरुवातीला थोडे बसतात. पण दुसऱ्या वर्षीही जे सरकत राहतात, तेच धोक्याचे. २०१२ साली डच संशोधकांनी अशा अनेक अभ्यासांचा मेळ घातला आणि वर्षभरात अर्ध्या मिलिमीटरपर्यंत सरकणाऱ्या रचना सुरक्षित, १.६ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकणाऱ्या अस्वीकार्य अशी ढोबळ विभागणी सुचवली. म्हणजे नवा सांधा बाजारात येतो तेव्हा काही डझन रुग्णांवर दोन वर्षं नीट मोजमाप केलं, तर पुढच्या हजारो रुग्णांना वाचवता येतं. दहा वर्षांनी कळण्याऐवजी दोन वर्षांत कळतं.

आणि मोजमाप फक्त धोका दाखवतं असंही नाही. आपल्या त्या ऑस्टिऑटॉमीच्याच बाबतीत नेदरलँड्समधल्या सर्जनांनी २०१० साली हेच तंत्र वापरून एक प्रश्न सोडवला. कोन पक्का धरणारी प्लेट लावलेल्या काही रुग्णांना लवकर पूर्ण भार टाकू दिला, काहींना उशिरा, आणि दोन्ही गटांत हाडाचे तुकडे किती हलले ते मोजलं. लवकर चालणाऱ्यांत जास्त हालचाल आढळली नाही. म्हणजे तिथे मोजल्यामुळे रुग्णांच्या कुबड्या लवकर सुटल्या, मजुरीचे आठवडे वाचले. 'उगाच भीती कशाला' म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं. रुग्णाला आठवडेच्या आठवडे कुबड्यांवर ठेवतं ते न मोजणं.

*

आपल्याकडे काय चाललं आहे? ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला, पुढच्या वर्षी उजवा. न्यूयॉर्कहून चित्तरंजन राणावत आले होते. वृत्तपत्रांनी गुडघ्याच्या आकृत्या छापल्या, आणि 'वाटी बदलणे' हा शब्दप्रयोग घराघरांत पोचला. पुढे हा मोठा बाजार झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याची किंमत सरासरी १ लाख ५८ हजारांवरून ५४,७२० रुपयांवर आली (कर वेगळा). निर्णय योग्यच होता. पण त्यात आपली दृष्टीही दिसते : धातूची किंमत आपण रुपयापर्यंत ठरवली, त्या धातूचं शरीरात पुढे काय होतं हे मोजण्याची सक्ती कुणावरच केली नाही.

स्वीडनची गुडघेबदलाची राष्ट्रीय नोंदवही १९७५ साली सुरू झाली, ऑस्ट्रेलियाची १९९९ साली, ब्रिटनची २००३ साली. आपल्याकडे सर्जनांच्या संघटनेने चालवलेली नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक. ऐच्छिक नोंदवहीत कोण लिहितं? ज्यांचे निकाल चांगले, ते.

याचे परिणाम आपण खुब्याच्या बाबतीत भोगले आहेत. जॉन्सन अँड जॉन्सन समूहाच्या डिप्यू कंपनीचा एएसआर हा खुब्याचा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून मागे घ्यावा लागला. तो बिघडतो आहे हे कळलं ऑस्ट्रेलियाच्या आणि ब्रिटनच्या नोंदवह्यांमुळे. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसवला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रकरण लावून धरलं; पण केंद्राच्या समितीने शोध घेतला तेव्हा हजारो रुग्णांचा पत्ताच लागेना. त्यांच्या मांडीत धातू होता, पण देशाच्या कुठल्याही वहीत त्यांचं नाव नव्हतं. गुडघ्याच्या बाबतीत असं होणार नाही याची हमी आज कुणी देऊ शकेल का?

*

मग करायचं काय? मी जास्त स्कॅन मागतो आहे असा गैरसमज होऊ नये. सगळं सुरळीत असलेल्या रुग्णाचे दर महिन्याला फोटो काढून निर्णय क्वचितच बदलतो, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. सीटी किंवा एमआरआयचं नवं दुकान मला उघडून द्यायचं नाही. माझी मागणी उलटी आहे : आधीचे अनावश्यक फोटो कमी करा, नंतरचे मोजके फोटो नीट काढा आणि नीट वाचा.

नीट काढा म्हणजे प्रत्येक वेळी पाय तसाच, नळीचा कोन तोच, अंतर तेच, आणि शेजारी माप कळण्यासाठी ज्ञात आकाराची एक गोळी. आज तंत्रज्ञाच्या हाती जी चिठ्ठी पडते, तिच्यावर 'एक्स-रे नी एपी लॅट' एवढंच असतं. कापलं काय, कधी, बघायचं काय, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगत नाही. मग तो गुडघा मध्यभागी आणून बटण दाबतो, आणि त्याचं काम तेवढंच असल्यामुळे ते बरोबरच असतं.

नीट वाचा म्हणजे मागच्या फोटोशेजारी ठेवून वाचा आणि आकडा लिहा. किती कडा सांधल्या, फट किती भरली, थाळीखाली रेघ आहे का, असल्यास किती मिलिमीटर, मागच्या वेळेपेक्षा वाढली का. 'इम्प्लांट इन सिटू' हा अहवाल समजला जाऊ नये. पुष्कळ ठिकाणी ऑपरेशननंतरची फिल्म रेडिऑलॉजिस्टकडे जातच नाही; रुग्णाचा मुलगा ती खिडकीपुढे धरून मोबाइलवर टिपतो आणि सर्जनला व्हॉट्सअॅपवर पाठवतो. वाकडी, चकाकणारी, पडद्याच्या दांड्यासकट आलेली ती प्रतिमा बघून अंगठा वर दाखवला जातो. अशा चित्रावर मिलिमीटर कुणालाच मोजता येणार नाहीत.

सीटी काढाच, पण दुखणं आणि एक्स-रे यांचा मेळ बसत नसेल तेव्हा, किंवा जुळणी खरोखर संशयास्पद असेल तेव्हा. गुडघ्याच्या सीटीत किरणांचा डोस पोटाच्या सीटीपेक्षा कितीतरी कमी असतो, कारण तिथे नाजूक अवयव नाहीत. धातूमुळे चित्रात चरे पडतात, पण ते कमी करण्याची तंत्रं आता यंत्रांत असतात. रोबोटसाठी ऑपरेशनआधी सीटी चालतो आणि हाड जुळत नसताना मात्र 'किरणांचा धोका' आठवतो, हे काही मला पटत नाही.

आणि शेवटची मागणी सरकारकडे. सांध्यांची नोंदवही सक्तीची करा. जो नोंद करणार नाही त्याला सरकारी योजनेचे पैसे देऊ नका. एवढा एक नियम पुरेल. आपल्या मोठ्या सरकारी महाविद्यालयांपैकी काही ठिकाणी सेल्विक यांच्या रीतीची मोजमाप-केंद्रं उभी करा आणि नव्या रचनेचा सांधा इथे सर्रास विकायचा असेल तर आधी तिथे दोन वर्षं मोजून घ्या. आणि रुग्णाला प्रत्येक प्रतिमेची मूळ डिजिटल प्रत द्या, कागदावरची छापील झेरॉक्स नको.

यावर 'आमच्या ओपीडीत सकाळी शंभर पेशंट असतात' असं सरकारी रुग्णालयातला डॉक्टर म्हणेल. त्याचं म्हणणं खरं आहे आणि माझा राग त्याच्यावर नाही. शंभर पेशंट बघणाऱ्यालाच लिहिलेल्या आकड्याचा जास्त उपयोग आहे, कारण पुढच्या वेळी त्या खुर्चीवर दुसराच कुणी असणार. माझा राग पंचतारांकित रुग्णालयांवर आहे, जिथे वेळ आहे, यंत्र आहे, रेडिऑलॉजिस्ट आहे, जाहिरातीच्या फलकावर रोबोटही आहे आणि तरीही अहवाल दोन वाक्यांचा आहे.

दुसरी भीती उघड बोलली जात नाही : आकडे लिहिले तर ते उद्या कोर्टात दाखवले जातील. जातील, आणि जे डॉक्टर नीट काम करतात त्यांच्या बाजूने दाखवले जातील. हाड न जुळणं हा दर वेळी सर्जनचा दोष नसतो; रुग्णाचा मधुमेह असतो, तंबाखू असतो, नशीबही असतं. ते सिद्ध करायला वेळोवेळच्या नोंदींशिवाय दुसरं काय हाती असणार? जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथे शेवटी आरडाओरडा आणि तोडफोड उरते, ती आपण वर्तमानपत्रांत वाचतोच.

तोवर रुग्णांनी एवढं करावं. पुढच्या वेळी 'हाड छान जुळतंय' असं ऐकलं की नम्रपणे विचारावं : किती जुळलं? मागच्या वेळी किती होतं? ते कागदावर लिहून द्याल का, डॉक्टर? या प्रश्नांना उत्तर देणारे डॉक्टर आपल्याकडे आहेत, ते विचारणारे रुग्ण कमी आहेत. शंभरातल्या दहांनी विचारायला सुरुवात केली, तरी पाच सेकंदांचे पाच मिनिटं व्हायला वेळ लागणार नाही.